बावीस ‘नाही’ ऐकलेला हेडसेट

उजव्या कानाच्या फोमचे पापुद्रे सुटलेला, डोक्यावरच्या पट्टीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला असा मी एक जुना हेडसेट आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरी माझी बिनवायरची, चकचकीत भावंडे असतील. ती मऊ डबीत झोपतात आणि रोज चार्ज करून घेतात. असले लाड माझ्या वाट्याला आले नाहीत. वायर खोचली की मी कामाला लागतो आणि काढली की गप्प बसतो. तसे पाहिले तर माझे सगळेच उलटे आहे. माझे कान बोलतात आणि माझे तोंड ऐकते. तोंड म्हणजे गालापुढे वाकवता येणारी ती दांडी आणि तिच्या टोकाचा वाटाण्याएवढा माइक. पण या वाटाण्याने जेवढे ऐकले आहे तेवढे आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपलबाईंनीही ऐकलेले नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळेच नाहीत, तर पाहणार काय? यंत्रांची घरघर होती, आणि कुणीतरी माझ्यातून शिट्टीसारखा एक सूर सोडून पाहिला एवढे आठवते. तो सूर नीट बाहेर पडला म्हणून मी पास झालो. मग खोका, मग पुन्हा खोका, मग बोट. ज्या वसंतात सगळे जग आपापल्या घरात कोंडले गेले त्या वसंतात आम्ही चाळीस जण इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका कॉलेजात येऊन पडलो. फाटकाशी एक टेबल मांडले होते. कर्मचारी एकेक करून यायचे, दोन मीटर लांब उभे राहायचे आणि एकेक खोका उचलून न्यायचे. मला सुनीतीताईंनी उचलले. घरी नेऊन त्यांनी मला सॅनिटायझरने इतके घासले की माझ्यावरची कंपनीची अक्षरेच निघून गेली. ती माझी पहिली आंघोळ.

सुनीतीताई कॉलेजच्या ग्रंथपाल. माहेर साताऱ्याचे, पण मेल्टन रोडच्या मागच्या गल्लीत राहून त्यांना आता सत्तावीस वर्षे झाली. पन्नाशी ओलांडली आहे, गुडघा कुरकुरतो, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत वाचायची सवय काही सुटत नाही. ही सवय माझ्या मात्र पथ्यावर पडली. त्या जे वाचतात ते सगळे मला ऐकू येते. गळ्यात लटकवले तर खोलीत कोण काय बोलले तेही कळते. म्हणूनच आजची गोष्ट मी तुम्हांला सांगू शकतो.

पूर्वी मुले लायब्ररीत यायची आणि काउंटरवर विचारायची. पण आमच्या कॉलेजने ऑनलाइन कोर्स सुरू केले आणि विचारणारी माणसेच बदलली. ही मुले नव्हती. कुणी हॉस्पिटलात काम करणारे, कुणी गोदामात, कुणी दोन लेकरांची आई. त्यांना कॉलेजची इमारत कोणत्या रस्त्यावर आहे तेही ठाऊक नसे. मग कॉलेजने ठरवले की ती लायब्ररीत येत नसतील, तर ग्रंथपालांनीच त्यांच्या वर्गात जावे. प्रत्येक कोर्सच्या पानावर सुनीतीताईंचा फोटो लागला, खाली एक बटण आले, आणि मंगळवारी व गुरुवारी दुपारी एक ते तीन त्या स्क्रीनपुढे बसू लागल्या. त्यांच्या डोक्यावर मी.

काय दिवस होते ते! स्लाऊच्या गोदामातून क्षितिज नावाचा तरुण यायचा. त्याच्या मागे रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची पीं-पीं चाललेली असे. वीस मिनिटांची सुट्टी, त्यातली आठ कँटीनपर्यंत चालण्यात जायची. क्रॉयडनहून एक बाई चालत्या ट्राममधून विचारायच्या, आणि प्रत्येक थांब्याला त्यांचा प्रश्न अर्धवट राहायचा. कुणाला संदर्भ कसे द्यायचे ते हवे असे, कुणाचा पासवर्ड हरवलेला असे, आणि कुणी नुसतेच रडत असे. रडणाऱ्याला सुनीतीताई आधी पाणी प्यायला सांगायच्या. मग म्हणायच्या, तू राहू दे, मी बघते. त्यांची बोटे की-बोर्डवर टकटक चालायची आणि चार मिनिटांत तीन चांगले लेख त्या माणसाच्या ईमेलमध्ये जाऊन पडायचे, कामाची पाने पिवळ्या रंगाने रंगवून. मला भारी अभिमान वाटायचा. एवढ्या झटपट काम करणाऱ्या बाईंच्या डोक्यावर बसायला मिळणे हे काय कमी भाग्य?

यात सुप्रभा होती. ती लेस्टरच्याच एका हॉस्पिटलात, वृद्धांच्या वॉर्डात मदतनीस होती. वय सत्तेचाळीस. मुलगा युनिव्हर्सिटीत गेला तेव्हा तिने ठरवले की आता आपली पाळी, आणि पुढे नर्स होता येईल असा ऑनलाइन कोर्स घेतला. पहिल्यांदा आली तेव्हा तिने तीनदा माफी मागितली आणि मग सांगितले की शाळा सोडल्यापासून ती लायब्ररीत गेलेली नाही. सुनीतीताई हसल्या आणि मराठीत बोलू लागल्या. सुप्रभाचा श्वास मोकळा झालेला मी स्वतः ऐकला. त्या दिवशीही तीन लेख गेले. पुढची दोन वर्षे असेच चालले. दर निबंधाला सुप्रभा यायची, विषय सांगायची, लेख घेऊन जायची आणि पास व्हायची. दिवाळीला तिने रिसेप्शनवर पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा ठेवला. सुनीतीताईंनी तो मला डोक्यावर ठेवूनच खाल्ला. सगळ्या मीटिंगभर माझ्या माइकमध्ये कुरुमकुरुम.

मित्रांनो, वापरणाऱ्या हाताबरोबर वस्तूही झिजते. माझा फोम गेला, पट्टी तडकली. आयटीवाल्यांनी दोनदा नवा, बिनवायरचा हेडसेट देऊ केला. ताईंनी दोनदा नाही म्हटले आणि घरून चिकटपट्टी आणून मला गुंडाळले. हा माझ्या कानाला बसलाय, असे त्या म्हणाल्या. याहून मोठे प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेले नाही.

मग गेल्या वर्षीचा जून आला.

आमच्या कॉलेजात ईशिता नावाची एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे एकोणतीस वर्षांची. आईवडील डॉक्टर, जन्म इथलाच. विद्यार्थ्यांना कोर्स कसा वाटला याचे फॉर्म पाठवणे, आलेली उत्तरे मोजणे आणि कमिटीपुढे मांडणे हे तिचे काम. ऑफिसात सगळे इंग्रजीतच चालते. पण दार लावले की ती ताईंशी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलते, कारण तिला ती विसरायची नाही. त्या दिवशी ती आली तेव्हा मी ताईंच्या गळ्यात होतो. तिने दार लावून घेतले. मग ईशिताने कागद पुढे सरकवला आणि ताई पुटपुटत वाचू लागल्या. सुप्रभाच्या कोर्समध्ये चौतीस विद्यार्थी. सत्तावीस जणांनी फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता, लायब्ररीच्या मदत सेवेचा उपयोग केलात का? पाच जणांनी ‘हो’ म्हटले होते. बावीस जणांनी ‘नाही’.

“मावशी, मला पण नाही आवडला हे,” ईशिता म्हणाली. “पण कमिटी फक्त फिगर्स बघते. ते म्हणतात, कोणी यूज करत नाही तर ऑनलाइन कोर्सला लायब्रेरियन कशाला? एक लिंक्सचा पेज देऊ, आणि एक चॅट, ऑटोमॅटिक उत्तर देणारा.”

निर्णय तीन आठवड्यांनी, जुलैच्या मीटिंगमध्ये व्हायचा होता. ऑनलाइन वर्ग गेले तर ताईंना पुन्हा फक्त शेल्फांवर काम मिळणार होते. तेही वाईट नाही. पण मंगळवार-गुरुवारची माणसे मग कुणाकडे जाणार?

मित्रांनो, मी मनातल्या मनात मोजले. त्या चौतीस जणांपैकी एकोणीस जणांचे आवाज मी स्वतः ऐकले होते. एकोणीस! कुणाची खोकायची पद्धत, कुणाच्या घरातला कुत्रा, कुणाच्या कुकरची शिट्टी, सगळे मला पाठ होते. मग ‘हो’ पाचच कसे? मला ओरडून सांगावेसे वाटले. पण माझ्या तोंडातून फक्त दुसऱ्यांचा आवाज जातो. माझा स्वतःचा असा आवाजच नाही.

ईशिताने सुचवले की ताईंनी विद्यार्थ्यांना दोन ओळी लिहून द्यायला सांगावे. ताईंनी मान हलवली, आणि मीही गळ्यात हललो. आपली टिमकी आपणच वाजवायची हे त्यांना जमणारे नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या की उपयोग झाला नसेल तर नसेल. आवाज मात्र ओला होता. ईशिता गेल्यावर त्यांनी माझी वायर काढली, नीट गुंडाळली आणि मला खणात ठेवले.

खणातले दिवस मी विसरणार नाही. एका बाजूला स्टेपलर, दुसऱ्या बाजूला सुकलेली हायलायटर पेने. टर्म संपत आली होती, कुणी येत नव्हते, आणि आले तरी ताई लॅपटॉपच्या स्पीकरवर भागवायच्या. खणाच्या फटीतून तुकडे ऐकू यायचे. मला वाटले, संपले आपले. हायलायटर पेनांना तसे वाटून महिने झाले होते, त्यामुळे त्यांनी काही सांत्वन केले नाही.

बारा दिवसांनी खण उघडला. सुप्रभाने वेळ मागून घेतली होती, आणि तिचे खासगी काही असावे म्हणून ताईंनी मला डोक्यावर चढवले. सुप्रभा हॉस्पिटलच्या स्टाफरूममधून बोलत होती. मागे मायक्रोवेव्ह फिरत होता. सुरुवातीला इकडचे तिकडचे झाले, लेकाची परीक्षा, ताईंचा गुडघा. मग ताईंना राहवले नाही. त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले की तो फॉर्म आला होता, तो भरलास का.

“भरला की. बसमध्ये बसून भरला,” सुप्रभा म्हणाली.

“लायब्ररीच्या प्रश्नाला काय लिहिलंस?”

“नाही लिहिलं. अहो ताई, त्यात होतं, लायब्ररी सपोर्ट सर्व्हिस वापरली का? मी कुठे सर्व्हिस वापरली? मी तर तुम्हाला विचारत होते. खाली थँक्यू लिहायला जागा होती. पण तुम्हाला फॉर्मवर काय थँक्यू म्हणायचं, परक्या आहात का? चिवडा दिला होता की.”

ताई हसल्या. हसता हसता त्यांनी नाक ओढले. आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, मानले तर ते रुसते. ही आपली रीत चांगलीच आहे, मित्रांनो. पण चिवडा मोजायला ईशिताच्या कागदावर रकाना नव्हता. ताईंनी सुप्रभाला सगळे सांगितले, बावीस ‘नाही’, जुलैची मीटिंग, लिंकांचे पान. मायक्रोवेव्ह वाजला तरी ती उठली नाही.

मग ती म्हणाली, “ताई, राग मानू नका. मी ‘नाही’ लिहिलं त्याला अजून एक कारण आहे.”

“सांग.”

“तुम्ही सगळं माझ्या हातात देता. मी नुसती डाउनलोड करते. मला वाटलं, ‘हो’ लिहिलं तर विचारतील काय मदत केली, आणि मग कळेल की शोधाशोध सगळी तुमचीच आहे. तुम्हालाही त्रास आणि मलाही. आता शेवटच्या मॉड्यूलला त्यांनी हेच मागितलंय. काय शोधलं, कसं शोधलं, काय टाकून दिलं, ते लिहा. दोन वर्षं झाली ताई, आणि मला अजून शोधता येत नाही. आज तुम्हाला तेच सांगायला आले होते, की हे पण तुम्हीच करून द्याल का. लाज वाटते हो मला.”

माझी पट्टी ताईंच्या कानशिलावर टेकलेली असते. तिथली शीर थाडथाड उडू लागलेली मला जाणवली. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. पण सोनाराने टोचले तरी दुखायचे ते दुखतेच. इतकी वर्षे ज्या चार मिनिटांचा मला अभिमान होता, ती चार मिनिटेच सुप्रभाच्या आड आली होती. आयते ताट वाढत राहिले की समोरच्याला स्वयंपाक येत नाही, एवढे साधे आम्हा दोघांच्या ध्यानात आले नव्हते.

“आधी का नाही बोललीस?” ताईंनी विचारले.

“तुम्ही एवढ्या प्रेमानं करत होता. करू नका असं कसं म्हणू?”

ताईंनी माझी दांडी दोनदा खालीवर केली. विचार करताना त्या तसे करतात. मग म्हणाल्या, “हे जसं बोललीस तसं लिहून दे मला.”

“तुमच्याविरुद्ध?”

“जे झालं ते लिही. विरुद्ध की बाजूनं ते कमिटी बघेल.”

सुप्रभाने नाही-होय करत शेवटी पानभर लिहिले. ते पान घेऊन ताई ईशिताकडे गेल्या. मी गळ्यात होतोच. ईशिताने वाचले आणि ती घाबरली. हात दाखवून अवलक्षण कशाला, असेच तिला म्हणायचे असणार. पण ती म्हण काही तिला येत नव्हती.

“पण मावशी, हे तुमच्या अगेन्स्ट जाईल.”

“जाऊ दे. निदान खरं तरी असेल. ते बावीस ‘नाही’ खरे नव्हते, ईशिता. आणि माझी चार मिनिटं पण खरी मदत नव्हती.”

ईशिता मोठी गुणाची पोर. आपलाच प्रश्न चुकला होता हे तिने मान्य केले. तिने जुना फॉर्म बाजूला ठेवला आणि सगळ्या चौतीस जणांना एकच प्रश्न पाठवला. रकाने नाहीत, टिकमार्क नाहीत. शेवटच्या निबंधासाठी तुम्ही जे वाचले ते तुमच्यापर्यंत कसे पोहोचले, ते तुमच्या शब्दांत सांगा. पाच दिवसांची मुदत.

तेवीस उत्तरे आली. ताई ती वाचत बसल्या तेव्हा माझा माइक त्यांच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता. जवळजवळ सगळ्यांनी त्यांचे नाव घेतले होते. लायब्ररी असा शब्द फारसा नव्हताच. सुनीती होते, मिस सुनीती होते, एकीने तर ‘पाणी पी म्हणणाऱ्या बाई’ असे लिहिले होते. ताईंचा आवाज चढत गेला. आणि मग उतरला, कारण दर दोन-तीन उत्तरांमागे एक काटा होता. त्याच कोर्सच्या क्षितिजने लिहिले होते की त्यांनी माझ्या सुट्टीत शोधून दिले, कसे ते मला माहीत नाही. कुणी लिहिले होते की त्या फार भरभर क्लिक करतात, मला विचारायची हिंमत झाली नाही. एकाने लिहिले होते की एक ते तीन माझी शिफ्ट असते, दोन वर्षांत मला त्या एकदाही भेटल्या नाहीत, पण भेटायची इच्छा होती. ते उत्तर ताईंनी तीनदा वाचले.

जुलैच्या मीटिंगला ताई ऑनलाइन हजर राहिल्या, आणि जुना का होईना, मीच त्यांच्या डोक्यावर होतो. कमिटीच्या अध्यक्षांनी उत्तरे वाचली होती. ते सभ्य गृहस्थ होते, पण मुद्द्याचे. त्यांनी विचारले, म्हणजे तुमच्याच विद्यार्थ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही त्यांचा गृहपाठ करून देत होता? त्यांच्या जागी मी असतो तर वायर काढून पळालो असतो.

ताई म्हणाल्या की हो, शोधण्याचा अर्धा भाग त्या करून देत होत्या, आणि ती त्यांची चूक होती. कौतुकाच्या गोष्टींपेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त उपयोगी पडली. पण लिंकांचे पानही तेच करेल, आयते हातात देईल. आणि चॅटला कुणी कधी सांगणार नाही की तुझ्यामुळे मी शिकले नाही. विद्यार्थ्यांनी ते ताईंना सांगितले, कारण त्या माणूस आहेत. त्यांना आता करून द्यायचे नाही, शिकवायचे आहे, आणि एक तास सकाळी साडेसातला घ्यायचा आहे, शिफ्टला जाणाऱ्यांसाठी. एवढे बोलून त्या थांबल्या. त्या बोलल्या त्यातला प्रत्येक शब्द माझ्या तोंडून गेला, हे मी अजून कुणालाही सांगितलेले नव्हते. तुम्हांलाच सांगतो आहे.

कमिटीने फार मोठे काही दिले नाही. पुढच्या ईस्टरपर्यंत मुदत दिली. तेव्हा पुन्हा तोच मोकळा प्रश्न विचारायचा आणि मग कायमचे ठरवायचे. ईशिताने निरोप सांगितला आणि ताईंच्या गळ्यातच पडली. मधे मी चेंगरलो, पण तक्रार केली नाही.

सप्टेंबरात पहिला सकाळचा तास झाला. साडेसातला बरोबर सुप्रभा आली. शेवटचे मॉड्यूल तिने एका टर्मने पुढे ढकलून घेतले होते. तिच्या वॉर्डात एक आजोबा होते, आठवण हरवत चाललेले. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात ते खात नसत. एकदा रंगीत ताटली आली आणि त्यांनी सगळे खाल्ले. असे दुसरीकडे कुणी पाहिले आहे का, ते तिला शोधायचे होते. ताईंनी तिला स्वतःचा स्क्रीन दाखवायला सांगितले. कुठे टाइप करायचे, शब्द कसे निवडायचे, फार जुन्या वर्षांचे लेख कसे गाळायचे, हे एकदाच समजावले. मग म्हणाल्या की आता मी बोलणार नाही.

मित्रांनो, ती शांतता माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब. सुप्रभाने आधी अख्खे वाक्यच लिहिले. काही मिळाले नाही. मग दोनच शब्द लिहिले, तर हजारो निघाले. तिने सुस्कारा टाकला. ताईंचा हात माउसकडे गेला, मला खुर्ची करकरल्याचे ऐकू आले. मग ताईंनी तो हात मांडीखाली दाबून धरला असावा, कारण खुर्ची पुन्हा करकरली. त्यांचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. एकदा तर मला वाटले की माझी वायरच तुटली. अकरा मिनिटे गेली. ताईंच्या हिशेबाने जिथे चार लागायची तिथे अकरा.

“ताई, आहात ना?” सुप्रभाने विचारले.

“आहे.”

“मिळालं. एका ठिकाणी अगदी असंच केलंय, लाल ताटल्या घेऊन. आणि दोन टाकून दिले. एक फार जुना होता, आणि एकात तरुण माणसं होती, आपले आजी-आजोबा नव्हते.”

ताईंनी माझा माइक तळहाताने झाकला, नाक पुसले, आणि मग म्हणाल्या, “ते दोन का टाकलेस, तेवढंच लिही आता. तेच त्यांना हवंय.”

आता फेब्रुवारी आहे. सुप्रभा पास झाली. गेल्या गुरुवारी क्षितिज आला तो फक्त हे सांगायला की सुप्रभाताईंनी कोर्सच्या ग्रुपवर त्याला शोधायला शिकवले आणि आज त्याला काही नको आहे. त्या दिवशी पुढची चाळीस मिनिटे कुणीच आले नाही. ताई रिकाम्या बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. ईस्टरला तो प्रश्न पुन्हा जाणार आहे. काय उत्तरे येतील, मी राहीन की खणात जाईन, मला ठाऊक नाही. माझा डावा कानही आता अधूनमधून बंद पडतो.

तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी असेल तर त्याची वायर हिसडून काढू नका, टोकाशी धरून काढा. एवढी विनंती माझ्यासाठी. दुसरी विनंती मात्र माझ्यासाठी नाही. कुणी मनापासून मदत केली तर डबा जरूर द्या. पण त्याबरोबर त्या माणसाला तोंडावर सांगा की याचा मला उपयोग झाला आणि याचा झाला नाही. गोड तेवढेच सांगू नका आणि भिडेपोटी गप्पही बसू नका. मी सगळे ऐकले होते आणि काहीच सांगू शकलो नाही. सुप्रभाने सांगितले, म्हणून ताई आज शिकवत आहेत.